माझ्याशी मराठीतच बोला जी

नागपुरात मराठी शिकणं अवघड आहे, आणि त्याचा दोष व्याकरणाला देता येत नाही. दोष आपला, नागपूरकरांचा. समोरचा माणूस 'मला अर्धा किलो...' म्हणून जरा अडखळला, की भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे लगेच हिंदीवर येतात. 'बोलो ना भैया, क्या चाहिए?' त्यात कुठेही हेटाळणी नसते. पाहुण्याची अडचण होऊ नये एवढीच काळजी असते. आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, मग मध्य प्रदेशची राजधानी असलेलं हे शहर १९५६च्या नोव्हेंबरात मुंबई राज्यात आलं. तोवर दोन्ही भाषांत कारभार चालवायची सवय अंगात पुरती मुरली होती. ती गेलेली नाही, जावी असंही मला वाटत नाही. पण ज्याला खरोखर मराठी शिकायची आहे त्याची या सौजन्यापायी फार उपासमार होते.

माझी नोकरी कॉलेजात मराठी शिकवण्याची होती. म्हणजे ज्यांना मराठी येतेच त्यांना मराठी शिकवण्याची. अजिबात न येणाऱ्याला शिकवणं हा निराळाच धंदा आहे, हे निवृत्तीनंतर कळलं. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात काम करणारे काही तरुण डॉक्टर संध्याकाळी प्रतापनगरात माझ्याकडे येतात. कोणी कोट्टयमचा, कोणी वरंगळची, कोणी कोलकात्याची. त्यांना कविता नको, शुद्धलेखन नको. यवतमाळहून किंवा भंडाऱ्याहून आलेली बाई काय दुखतं ते सांगत असताना मध्ये दुभाष्या लागू नये, एवढंच त्यांचं मागणं.

आल्या आल्या त्यांनी विचारलं, मॅडम, कुठलं अ‍ॅप घेऊ?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसले तेव्हा आधी शेजारच्या मुलीचा मोबाइल पाहिला. ती नर्सिंग झालेली, जर्मनीला जायचं म्हणून जर्मन शिकते. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून जर्मनची विचारपूस आमच्याकडेही वाढली. तिच्या मोबाइलमधलं सामान बघून मला चक्क हेवा वाटला. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोज वेग' हा अख्खा अभ्यासक्रम फुकट आहे. स्पेनहून आलेल्या निकोची बॅग विमानतळावर हरवते, आणि तिच्यामागे फिरता फिरता शिकणारा पार बी-१ पायरीपर्यंत जातो. त्याच डॉइच वेलेच्या हळू वाचलेल्या बातम्या आहेत. 'ईझी जर्मन'ची मंडळी रस्त्यात माइक धरून येणाऱ्याजाणाऱ्यांना काहीबाही विचारतात आणि खाली दोन भाषांत ओळी देतात. गोएथे इन्स्टिट्यूटच्या जर्मन परीक्षांचे नमुना पेपर आहेत. शिवाय ए-१पासून सी-२पर्यंतच्या पायऱ्या युरोप परिषदेनं २००१ साली आखून दिलेल्या आहेत. कुठल्या पायरीवर काय करता आलं पाहिजे, हे त्यात साध्या वाक्यांत लिहिलंय: ओळख करून देता येते, दुकानात हवी ती वस्तू मागता येते, तब्येतीबद्दल सांगता येतं. नर्सला तिथे साधारण बी-२ लागतं, म्हणजे आपल्याला कुठवर जायचंय हे त्या पोरीला माहीत आहे.

मराठीचं काय? २०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख माणसांनी मातृभाषा म्हणून जी सांगितली, तिच्यासाठी असं ठरलेलं एक ठिकाण नाही. ड्युओलिंगोवर क्लिंगॉन ही एका मालिकेतल्या परग्रहवासीयांची भाषा शिकता येते, हे मला माझ्याच एका विद्यार्थ्यानं हसत हसत सांगितलं. मी हसले नाही.

पण काहीच नाही असं म्हणणंही खोटं ठरेल. आहे ते विखुरलेलं आहे आणि ज्याला हवं त्याच्यापर्यंत पोचत नाही. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागानं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर 'माय मराठी' हा अभ्यासक्रम तयार केला. जर्मन विभागानं, मराठी विभागानं नव्हे. परकी भाषा शून्यापासून कशी शिकवतात याचा सराव त्यांना होता. आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना तशी गरजच कधी पडली नव्हती. बालभारतीची 'सुलभभारती' ही पुस्तकं इतर माध्यमांच्या मुलांना मराठी शिकवण्यासाठी आहेत, आणि ती पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवून घेता येतात. एमबीबीएस झालेल्या माणसाला इयत्ता तिसरीचं पुस्तक द्यायला आधी संकोच वाटतो. त्याला स्वतःला काही वाटत नाही. चित्र आहे, मोठा टाइप आहे, छोटं वाक्य आहे, तो खूश असतो. त्यानंतर 'किशोर'चे जुने अंक. मासिक १९७१पासूनचं, आणि जुने अंक बालभारतीनं सगळ्यांसाठी खुले केले आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि परवाना मोकळा असल्यामुळे छापून वाटायलाही कोणाची हरकत नाही.

ततोएबा नावाचा वाक्यांचा मोठा साठा आहे, त्यात मराठी वाक्यंही भरपूर. पण तिथे टॉम नावाच्या गृहस्थांचं राज्य. टॉम बोस्टनला जातो, टॉमला फ्रेंच येत नाही, टॉम मेरीला काहीतरी सांगतो. आमच्या आजोबांची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकली, तिथली सुटीसुटी वाक्यं आठवली. वाक्य बरोबर असतं, पण ते कोणी कोणाला आणि कशासाठी म्हटलं याचा पत्ता नसतो.

कोशांच्या बाबतीत मात्र आपण श्रीमंत आहोत आणि ते फारसं कोणाला माहीत नाही. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश देवनागरीत शोधता येतो. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. त्याच ठिकाणी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. त्यात शब्दापुढे कंसात (व.), (ना.) अशा खुणा येतात, म्हणजे वऱ्हाडी, नागपुरी. १९३२पासून छापत गेलेल्या त्या खंडांनी आमच्याकडचं बोलणं टिपून ठेवलं होतं. नव्या अ‍ॅपांना अजून त्याची गंधवार्ता नाही.

शिकणारा कुठून आला यावर त्याच्या अडचणी ठरतात, ही गोष्ट छापील धडे विचारात घेत नाहीत. कोट्टयमच्या डॉक्टरला 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक समजावून सांगावाच लागला नाही. मल्याळममध्ये 'नम्मळ' आणि 'ञङ्ङळ' असा तोच भेद आहे. तेलुगूतही आहे. इथे जन्म काढलेला हिंदीभाषक मात्र रुग्णाला 'आपण ऑपरेशन करू' असं सांगून घाबरवू शकतो. ळ म्हणताना केरळच्या माणसाची जीभ बिनचूक वळते, कोलकात्याच्या मुलीची अडते. उलट लिंगाच्या बाबतीत दोघंही रडकुंडीला येतात, कारण मल्याळम आणि बंगाली दोन्हींत क्रियापदाला स्त्री-पुरुष हा भेदच नाही. 'ताप आली', 'गोळी दिला', 'पोट दुखला' हे रोजचं. त्यातून सामान्यरूप. शाळा पण शाळेत, पाणी पण पाण्यात, भाऊ पण भावाला. शब्द पाठ करून आलेला माणूस वाक्यात तोच शब्द ओळखत नाही. आणि लिहिताना एकच दिसणारा च बोलताना दोन प्रकारचा: 'चार चाकं' म्हणून बघा. त्यासाठी फोर्वो बरं, तिथे खऱ्या माणसांनी उच्चारलेला शब्द ऐकायला मिळतो.

यावर आम्ही जे केलं त्यातलं थोडं कामाचं निघालं. अँकी हा पाठांतराच्या कार्डांचा फुकट प्रोग्रॅम सगळ्यांच्या मोबाइलवर टाकला. (आयफोनवाल्यांना पैसे पडतात, त्यांनी कुरकुर केली.) हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा उतार मोजला होता, नेमकं विसरायच्या बेतात असताना पुन्हा आठवायला लावलं तर आठवण जास्त टिकते, या समजुतीवर हा प्रोग्रॅम चालतो. डॉक्टर मंडळी परीक्षेसाठी तो वापरतच होती, त्यांना मी काय शिकवणार? मी फक्त कार्ड बदलायला लावलं. नुसता शब्द लिहायचा नाही, आधी विशेषण लावायचं. मोठा फोड, मोठी जखम, मोठं हाड. लिंग वेगळं पाठ करावं लागत नाही, जिभेवर जोडीनंच बसतं. आणि प्रत्येक कार्डावर दुसरी ओळ सामान्यरूपाची: फोडाला, जखमेला, हाडाला.

दुसरी युक्ती जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची, १९६०च्या दशकातली. आधी आज्ञा ऐकायची आणि शरीरानं करून दाखवायची. बोलण्याची घाई नाही. डॉक्टरी मराठीला ही पद्धत इतकी चपखल बसते की जणू त्यासाठीच काढली असावी. आ करा. जीभ बाहेर काढा. लांब श्वास घ्या, सोडा. कुशीवर वळा. गुडघे पोटाशी घ्या. माझ्या सतरंजीवर सगळे एमबीबीएस, एमडी ओळीनं लोळतात आणि एकमेकांना वळवतात. वरंगळची मुलगी आज्ञा सोडते तेव्हा तिच्यासमोर कोणाची हसायची हिंमत होत नाही.

हे सगळं शिकून ते वॉर्डात गेले आणि त्यांना एक अक्षर कळलं नाही.

कळणार कसं? आम्ही शिकवलं 'माझे डोळे दुखत आहेत', आणि समोरची बाई म्हणाली, 'डोये दुखून राह्यले जी.' पुस्तकात 'मला चक्कर येते आहे', वॉर्डात 'मले गरगरते, जीव घाबरते'. 'उमासे येते, पण ओकारी होत नाही.' 'हातापायाले मुंग्या येते.' 'तोंडाले चव नाही, रातच्याला थंडी वाजते.' आणि सगळ्यात अवघड, 'कसंतरीच होते बाप्पा.' याला वैद्यकशास्त्रात नाव नाही, पण अर्धे रुग्ण हेच सांगतात. मजा अशी, की ज्या लिंगापायी पोरं रडत होती त्याची विदर्भात बरीच सुटका आहे. इथे 'तो येते' आणि 'ती येते' दोन्ही चालतं. ही सवलत कुठल्याच ऑनलाइन धड्यात लिहिलेली नाही, कारण ते धडे ज्या मराठीत आहेत ती फार तर पुण्याच्या सदाशिव पेठेपर्यंतची.

हल्ली मोबाइलमधल्या बोलक्या यंत्राशी मराठीत गप्पा मारता येतात. पोरांनी तेही केलं. यंत्र चुका दाखवतं, कंटाळत नाही, हिंदीत घसरत नाही, ही त्याची जमेची बाजू मी मान्य करते. पण त्याला रुग्णाईत बाई व्हायला सांगितलं तर ते म्हणतं, 'मला तीव्र उदरवेदना जाणवत आहेत.' अशी रुग्ण उभ्या नागपुरात सापडायची नाही.

मग ठरवलं, आवाज आपणच गोळा करायचे. यात नवीन काही नाही. इंग्रजी अमदानीतल्या ग्रिअर्सन या भाषाभ्यासकानं भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात हेच केलं होतं. मराठीचा सातवा खंड १९०५चा. बायबलातली उधळ्या मुलाची एकच गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत करून घेतली, म्हणजे बोली शेजारीशेजारी ठेवून पाहता याव्यात. आमच्या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेसाठी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आणि लोकांनी सांगितलेल्या हकिगती संकेतस्थळावर ऐकायला ठेवल्या. ते काम अभ्यासकांसाठी आहे, पण मी वर्गात बिनदिक्कत वापरते.

आमच्याकडे उधळ्या मुलाऐवजी ताप आहे. प्रसंग एकच: तीन दिवसांपासून ताप, काल उलटी, आज अंगावर पुरळ, औषध घेतलं पण गुण नाही. माझे जुने विद्यार्थी वर्धा, अमरावती, गोंदिया, चंद्रपूर असे पसरलेले आहेत. त्यांच्या आयांना, सासूबाईंना, मोलकरणीला, घरमालकाला हा प्रसंग सांगितला आणि तुमच्या शब्दांत बोला म्हटलं. मिनिटभराचं बोलणं, व्हॉट्सअ‍ॅपवर. खऱ्या रुग्णाचा आवाज घ्यायचा नाही हे आधीच ठरलं होतं. दुखणं ज्याचं त्याचं खासगी असतं. आणि खरं सांगायचं तर बायकांनी असा काही ताप आणला, की एकीची क्लिप ऐकून तिचा मुलगा घाबरून घरी फोन करता झाला. गोंदियाची झाडीबोली आणि अमरावतीची वऱ्हाडी एकापाठोपाठ ऐकल्या की शिकणाऱ्याला पहिल्यांदा उमगतं, ही भाषा एकाच साच्याची नाही.

क्लिप अँकीच्या कार्डावर पुढच्या बाजूला, लिहिलेलं मागच्या बाजूला. आधी कान, मग डोळे. वेग कमी करून ऐकायला मी मनाई केली आहे. पाऊणपट वेगाची सवय लागली की खरा माणूस सुसाट वाटतो. त्यापेक्षा त्याच वेगात पुन्हापुन्हा ऐकावं, आणि पहिल्या खेपेला 'कुठे' आणि 'कधीपासून' एवढं पकडलं तरी पुष्कळ. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्येही मराठीत आवाज देता येतो, पण तिथे मुख्यतः समोर आलेलं वाक्य वाचायचं असतं. यंत्राला शिकवायला ते ठीक, माणसाला शिकवायला वाचलेलं बोलणं पुरत नाही. सुट्या शब्दांसाठी विकिमीडियाचं लिंग्वा लिब्र बरं वाटलं, यादी समोर धरून भराभर उच्चार नोंदवता येतात.

वर्गात कधीकधी मदतीला एक परिचारिका येते, गडचिरोलीकडची, घरची भाषा गोंडी. आमचा हा सगळा खटाटोप बघून तिनं विचारलं, आमच्या भाषेत असं काही आहे का? ज्या बख्त बुलंद शहानं १७०२ साली नागपूर वसवलं तो गोंड राजा होता, हे शहरातल्या सगळ्या पाट्या सांगतात. २०११ला गोंडी बोलणारे ३० लाखांच्या घरात होते. मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २०१७ला आली, गुंजाळा गोंडी २०१८ला. स्टोरीवीव्हरवर गोंडीतल्या गोष्टी आहेत, त्या तिला दाखवल्या. पण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत गोंडीला जागा नाही, आणि रुग्ण गोंडीत बोलला तर समजून घेणारे डॉक्टर किती असतील? तिनं मग स्वतःच तापाचा प्रसंग गोंडीत बोलून दिला. तो वर्गात ऐकवला तेव्हा वरंगळच्या मुलीला एकदोन शब्द ओळखीचे वाटले. दोन्ही द्रविड कुळातल्या भाषा, वाटणारच. मी, नागपुरात जन्मलेली, कोरडीच राहिले.

माझे एक जुने सहकारी या प्रकारावर नाराज आहेत. 'राह्यलं' हे कुठल्या शुद्धलेखनात बसतं, असा त्यांचा सवाल. बाहेरची माणसं आपली भाषा शिकायला येतात आणि तुम्ही त्यांना बिघडलेली शिकवता. मी त्यांना म्हटलं, सर, मी बोलायला प्रमाण मराठी शिकवते. ऐकायला मात्र सगळं. अर्ज, पाट्या, औषधाच्या चिठ्ठ्या प्रमाण भाषेत असतात, त्या वाचता आल्या पाहिजेत. पण रुग्णाला 'आधी शुद्ध बोला, मग तपासतो' असं सांगता येत नाही. त्यांचं समाधान झालं नाही. आता कोट्टयमचे डॉक्टर 'गोळी जेवणानंतर घेजा, मंगळवारी येजा' असं म्हणू लागलेत आणि म्हाताऱ्या बाया त्यांच्याकडेच नंबर लावतात, हे मी सरांना अजून सांगितलेलं नाही.

राहता राहिला हिंदीचा प्रश्न. वर्गातल्या प्रत्येकाला मी एक वाक्य पाठ करायला लावते: मी मराठी शिकतोय, माझ्याशी मराठीतच बोला जी. सीताबर्डीच्या मेन रोडवर हे वाक्य दोन मिनिटंसुद्धा टिकत नाही. दुकानदार कौतुकानं 'अरे वा!' म्हणतो आणि पुढचा भाव हिंदीतच सांगतो. ऑटोत तर बोलायलाच नको. मग जागा निवडाव्या लागल्या. गोकुळपेठेच्या बाजारात खेड्यावरून भाजी घेऊन येणाऱ्या बाया चांगल्या, सकाळी गर्दी व्हायच्या आत. महालातल्या बुधवार बाजारात जुनी माणसं भेटतात, पण घासाघीस एवढ्या झपाट्यानं चालते की नवशिक्यानं तिथे जाऊ नये. सगळ्यात उत्तम जागा म्हणजे दवाखान्याचा व्हरांडा. रुग्णाबरोबर आलेले नातेवाईक तासन् तास बसून असतात, वेळ जाता जात नाही, आणि एखादा डॉक्टर स्वतःहून 'कुठले जी तुम्ही?' म्हणाला की ते गाव, पीक, पाऊस, जावई सगळं सांगून मोकळे होतात. कोलकात्याच्या मुलीनं अशा गप्पांतून कापसाच्या बोंडअळीबद्दल इतकं ऐकलंय की मला ती समजावते.

आमच्या साठ्यात बायका पुष्कळ झाल्या, पुरुष कमी. पुरुषांचा ताप दोन वाक्यांत संपतो, 'ताप आहे, गोळी द्या.' लहान मुलांचे थोडे आवाज मिळाले. फोनवरचं तुटक बोलणं मिळवायचं आहे, कारण रात्रीच्या ड्यूटीवर तेच जास्त ऐकावं लागतं. आणि डॉक्टरांची सगळ्यात मोठी मागणी अजून पुरी झालेली नाही: दात नसलेले आजोबा. वॉर्डात ते रोज भेटतात आणि कोणालाच कळत नाहीत. माझ्या ओळखीतल्या सगळ्या आजोबांनी झकास कवळ्या बसवलेल्या आहेत, आणि मोबाइलसमोर ती काढून बोलायला एकही तयार होत नाही. एकांना मी फारच आग्रह केला. ते माझ्यासमोर बसलेल्या केरळच्या डॉक्टरकडे वळून म्हणाले, 'देखो बेटा, ऐसा है...'